मॅनेजरच्या मुलाखतीचे प्रश्न आणि मानसशास्त्र : कुणी करून पाहिलंय का?

मकरपुरा_पहिली_पाळी :

नमस्कार मंडळी,

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये एचआर बघतो. एचआर म्हणजे हजेरी, पीएफ, कँटीनचं बिल आणि गेटवरची भांडणं, सगळं त्यातच आलं. आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवतो आणि सध्या प्रॉडक्शन मॅनेजर शोधतोय. हाताखाली दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टरची.

आजवरची पद्धत अशी की उमेदवार आला की शेठ त्याला चहा पाजतात, गाव कुठलं, आधीच्या कंपनीत आपल्या ओळखीचं कोण आहे, पगार काय घेता, इतपत विचारतात आणि तो गेला की निकाल सांगतात. 'माणूस आत आला की कळतं' हे त्यांचं ठाम मत. मागचे दोन मॅनेजर असेच कळून आत आले होते. पहिला सगळ्यांना आवडायचा, पण त्याच्या काळात जो जाऊन गळ्यात पडेल त्याला सुट्टी मिळायची. दुसऱ्याच्या काळात कुणी काही सांगायचंच बंद झालं. वेल्डिंगमधली गळती आम्हाला गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरकडून कळायला लागली.

या वेळी मी म्हटलं, प्रश्न आधी लिहून काढू. एका कन्सल्टंटकडून 'मानसशास्त्रावर आधारित' संच आला. वानगीदाखल :

– तुम्ही थिअरी एक्स मानता की थिअरी वाय?
– मॅस्लोच्या गरजांच्या पिरॅमिडवर तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात?
– तुमची नेतृत्वशैली एका शब्दात सांगा.
– तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?

एमबीए केलेल्याला पहिल्या तिन्हींची उत्तरं पाठ असतात, आणि न केलेला नुसता गोंधळतो. गोंधळणारा वाईट मॅनेजर असेलच असं कुठे आहे? माझं मत असं होत चाललंय की सिद्धांत उमेदवारासमोर मांडायचाच नसतो. तो टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवायचा आणि त्याच्यासमोर फक्त काम ठेवायचं. पण हे प्रत्यक्षात करायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुरसागर_काठ :

चौथ्याचं बरोबर उत्तर काय? वाघ की बैल? (ह. घ्या.)

मकरपुरा_पहिली_पाळी :

शेठना बैल आवडला. शेअर बाजारवाले आहेत.

फतेगंजची_मास्तरीण :

मानसशास्त्र शिकवते, म्हणून राहवलं नाही.

थिअरी एक्स आणि वाय डग्लस मॅकग्रेगरने १९६० मध्ये मांडली ती मॅनेजर माणसांविषयी मनात काय धरून चालतो, त्याबद्दल. एक्स म्हणजे माणूस कामचुकार, हाकल्याशिवाय हलत नाही; वाय म्हणजे माणूस आपणहून काम करतो, जबाबदारी घेतो. मनात धरलेलं तोंडी विचारलं तर जो तो 'वाय' म्हणणार. ख्रिस अर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये यावरच बोट ठेवलं. आपण कसे वागतो म्हणून माणूस सांगतो ते एक, आणि त्याच्या वागण्यातून दिसतं ते दुसरं. या दोहोंत अंतर आहे हे बहुतेकदा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, म्हणजे तो खोटं बोलतोय असंही नाही. तेव्हा 'तुम्ही कसे आहात' या जातीचे सगळे प्रश्न काढून टाका.

त्यांच्या जागी जॉन फ्लॅनगनची क्रिटिकल इन्सिडंट पद्धत वापरा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाईदलासाठी केलेल्या कामातून ती घडली आणि १९५४ मध्ये त्याने ती सविस्तर लिहिली. 'चांगला मॅनेजर कसा असावा?' असं कुणालाही विचारायचं नाही, कारण मग 'प्रामाणिक, मेहनती, सर्वांना सोबत घेऊन चालणारा' असं शाळेतल्या निबंधातलं उत्तर येतं. विचारायचं असं : मॅनेजरने केलेली एक गोष्ट सांगा, जिच्यामुळे काम सुटलं. केव्हाची? त्याने नेमकं काय केलं? मग काय झालं? आणि तशीच एक, जिच्यामुळे काम अडलं. फोरमनला विचारा, क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्याला, विचारा, स्टोअरवाल्याला विचारा, कॉन्ट्रॅक्टरच्या मुकादमालासुद्धा. तुमची पहिली मुलाखत उमेदवाराची नाहीच, फोरमनची आहे. तिथून निघालेले प्रश्न तुमच्या शॉपफ्लोअरचे असतील.

घडियाळी_पोळ :

सगळं वाचलं. पर्सोनेलमध्ये आयुष्य गेलं, म्हणून एक शंका विचारतो.

बडोद्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी नेमणूक एका प्रश्नावर झाली. १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून दूर केल्यावर जमनाबाईसाहेबांना दत्तक घ्यायचा होता. कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांची मुलं आणली. 'इथं कशाला आलात?' असं विचारल्यावर बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं आणि गोपाळराव म्हणाले, 'राज्य करायला.' अशी गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेच पुढे सयाजीराव महाराज. तिथं कुठला फ्लॅनगन होता? मुरलेल्या नजरेला माणूस कळतो हो. तुमचे शेठ अगदीच चुकत नाहीत.

सुरसागर_काठ :

काका, दंडवत! धागा आता शतकी होणार.

अलकापुरी_ते_ऑस्टिन :

काका, गोष्ट मलाही प्रिय आहे, पण ती तुमच्याच विरुद्ध साक्ष देते. त्या गोष्टीत सगळ्या मुलांना एकच प्रश्न विचारला होता. शेठ प्रत्येकाला वेगळं विचारतात. दुसरं, दत्तकविधान २७ मे १८७५ ला झालं आणि पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ ला. मधली सहा वर्षं इलियटसाहेबांच्या हाताखाली शिक्षण, वर दिवाण सर टी. माधवराव यांची राज्यकारभारावर व्याख्यानं. एवढं प्रोबेशन मकरपुऱ्यात कोण देतं? आणि तिसरं महत्त्वाचं. ज्या भावांना निवडलं नाही ते राजे म्हणून कसे निघाले असते हे कधीच कळणार नाही. शेठनाही नाकारलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते कळत नाही. नजर अचूक वाटते ती त्यामुळे.

आकडे हवेत तर देतो. मुलाखतीतले गुण आणि पुढे प्रत्यक्ष केलेलं काम यांचा मेळ ० ते १ अशा मापावर मोजतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये जुन्या अभ्यासांची मोट बांधली तेव्हा आखीव (सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न) मुलाखतीला ०.५१ आणि मोकळ्याढाकळ्या मुलाखतीला ०.३८ असा अंदाज होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आधीच्या हिशेबातल्या दुरुस्त्या जास्त झाल्या होत्या. त्यांच्या हिशेबात आखीव मुलाखत ०.४२ वर आली, तरी निवडीच्या सगळ्या साधनांत पहिलीच राहिली. चहा पाजून गप्पा मारण्याची पद्धत ०.१९ वर घसरली.

आणि ०.४२ म्हणजेही काही फार मोठा तीर नाही. त्याचा वर्ग केला तर कामातल्या फरकापैकी १८ टक्क्यांच्या आसपास हाती लागतो. बाकीचं पगार, वरिष्ठ, बाजार, नशीब.

घडियाळी_पोळ :

चला, सयाजीरावांवरून मला पकडलंत. पण गप्पांमध्ये माणूस खुलतो हे तरी मान्य कराल?

अलकापुरी_ते_ऑस्टिन :

खुलतो, पण ऐकणारा त्यातून काय घेतो हा प्रश्न आहे. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि पीटरसन यांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊन त्यांचे पुढचे गुण किती येतील ते सांगायचं होतं. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याने गुपचूप एक नियम पाळून वाटेल तशी हो-नाही उत्तरं दिली. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ता लागला नाही, समोरचा माणूस चांगला कळला असंच त्यांना वाटत राहिलं. आणि नुसते आधीचे गुण पाहून जो अंदाज निघाला असता, त्यापेक्षा मुलाखतीनंतरचा अंदाज वाईट निघाला.

फौजी_फतेपुरा :

ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलातून, निवृत्त. एसएसबीत, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीत, उमेदवार म्हणून बसलोय, पुढे पोरांना तयारीला मदतही केली.

तिथल्या परीक्षा सगळ्यांना माहीत असतात : शब्द दाखवून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, तीस मिनिटांत साठ प्रसंग सोडवायचे, चित्रावरून गोष्ट लिहायची. बाहेर त्याचीच चर्चा होते आणि कोचिंगवाले त्यावरच जगतात. मला त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. सायकॉलॉजिस्ट, ग्राउंडवर गटाची कामं करून घेणारा जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी, तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. तोवर एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तुमच्याकडे शेठ पहिल्या मिनिटाला 'बरोबर आहे' म्हणाले की उरलेले दोघं काय बोलणार? गुण आधी कागदावर लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं, एवढा एक नियम केलात तरी बरंच.

फतेगंजची_मास्तरीण :

+१. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते, पण जो एकात वर तो सगळ्यांत वर. हेलो इफेक्ट म्हणतात तो हाच. म्हणून एका उमेदवाराला शेवटी एकूण दहापैकी गुण देऊ नका. प्रत्येक प्रश्नाचे गुण तो प्रश्न संपताच लिहा.

कारेलीबागेतून :

मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई. प्लॅनिंगमध्ये मॅनेजर आहे, वाघोडियाच्या बाजूला.

मागे एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. माझ्या आधीच्या उमेदवाराला वर्किंग कॅपिटल, व्हेंडर रिजेक्शन असं विचारलेलं. बाहेर बसून ऐकू येत होतं. माझी पाळी आली तेव्हा सुरुवात झाली 'मिस्टर काय करतात' इथून, मग 'मुलं केवढी आहेत', मग 'महिनाअखेरीला उशीर होतो, घरी चालेल का'. वेळ संपत आली तेव्हा कुणाला तरी आठवलं आणि एक कामाचा प्रश्न आला. गंमत म्हणजे तिघंही अतिशय सभ्यपणे बोलत होते. त्यांना मी 'फारसं काही बोलली नाही' असं वाटलं असणार. बोलायला विचारलं होतं कुठे?

म्हणून सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, हे जे वर चाललंय ते मला शास्त्रापेक्षा साधी इभ्रत वाटते. महिनाअखेरीच्या उशिराची काळजी असेल तर जरूर विचारा, पण मग सगळ्या पुरुषांनाही विचारा.

मकरपुरा_पहिली_पाळी :

ताई, तो प्रश्न सगळ्यांसाठी यादीत घातला. खरंच, कुणाही पुरुषाला आजवर विचारलेला नाही.

मास्तरीणबाईंचं ऐकून फोरमन मंडळींना एकेक गाठलं. सुरुवातीला 'सगळे साहेब चांगलेच होते' असं चाललं, मग चहाच्या टपरीवर नेऊन विचारलं तेव्हा गाडी सुरू झाली. मला वाटलं होतं तांत्रिक गोष्टी निघतील. निघाल्या त्या अशा :

होळीला दाहोदकडची माणसं गावी जातात ती आठ-पंधरा दिवस फिरकत नाहीत. एका जुन्या मॅनेजरने संक्रांतीनंतर लगेच मुकादमाबरोबर बसून कोण कधी जाणार याची यादी केली होती. फिटर लोकांना ते अजून आठवतं. दुसऱ्याने होळीच्या आदल्या दिवशी नोटीस लावली, ती वाचायला कुणी उरलंच नव्हतं.

क्यूसीच्या पोराने होल्डचा (माल पुढे सोडू नका असा) टॅग लावला आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर तो काढून खिशात घातला. बोलला काहीच नाही. त्यानंतर त्या पोराने टॅग लावणं सोडून दिलं.

आणि नवरात्र. नऊ दिवस गरबा, सकाळच्या पाळीला अर्धं शॉप डोळे चोळत. त्यावरून हा प्रश्न केलाय, तपासून द्या :

'नवरात्राचा सहावा दिवस, पहिली पाळी. तुमचा सगळ्यात भरवशाचा क्रेन ऑपरेटर सलग तिसऱ्या दिवशी उशिरा आणि पेंगुळलेला आलाय. दुसरा मुलगा क्रेन शिकलेला आहे, पण एवढी मोठी टाकी त्याने एकट्याने उचललेली नाही. दुपारी दोनला ट्रेलर लागणार. शेठ बाहेरगावी आहेत. काय कराल?'

गुण असे ठरवले :
१ – तंबी देऊन त्यालाच बसवतो, किंवा शेठना फोन लागेपर्यंत थांबतो.
३ – त्याला क्रेनवरून उतरवतो, पण ट्रेलरचं काय ते सांगत नाही.
५ – उतरवतो, नव्या मुलाशेजारी अनुभवी रिगर (क्रेनला माल बांधणारा) उभा करतो नाहीतर उचल पुढे ढकलतो, गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून नवी वेळ देतो आणि उरलेल्या नवरात्रासाठी पाळ्या बदलतो.

फतेगंजची_मास्तरीण :

छान आहे. हा परिस्थितीवरचा प्रश्न झाला. गॅरी लेथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या प्रकाराला आकार दिला. पाया एडविन लॉकच्या ध्येयनिश्चितीच्या सिद्धांताचा : माणूस काय करायचं मनात धरतो त्यावरून तो काय करेल याचा अंदाज येतो. १, ३, ५ ची उत्तरं आधी लिहून ठेवणं हा त्यातला अर्धा जीव आहे. लोक प्रश्न जमवतात आणि ही पट्टी विसरतात.

एक खोट काढते. झोपाळलेल्या माणसाला क्रेनवर बसवू नये हे कुणीही सांगेल, म्हणजे १ वर कुणी पडणारच नाही. लेथमचा आग्रह होता की प्रश्नात पेच हवा, दोन्ही बाजूंना वजन हवं. तुमच्या पहिल्या मॅनेजरवरून करून बघा : सुट्टीची यादी बंद झालीय, दोघांना नाही म्हणून सांगितलंय. आता कधीही सुट्टी न मागणारा जुना वेल्डर येतो, मुलीचा साखरपुडा ठरलाय म्हणतो. इथे 'देतो' आणि 'देत नाही' दोन्ही बरोबर असू शकतं. तो त्या आधीच्या दोघांकडे जातो का, ते ऐका.

यामागे डेव्हिड मॅक्लेलंड आहेत. मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी १९७६ मध्ये मांडलं की मोठ्या कंपनीतला चांगला मॅनेजर हा 'सगळ्यांना मी आवडलो पाहिजे' या ओढीपेक्षा लोकांकडून काम घडवून आणण्याच्या ओढीवर चालतो, आणि तीही संस्थेसाठी, स्वतःचा तोरा मिरवायला नव्हे. आवडून घेण्याची ओढ जास्त असलेला माणूस एकेकासाठी नियम वाकवतो, आणि उरलेल्यांना अन्याय वाटतो. तुमचा पहिला मॅनेजर ना हा? हेच मॅक्लेलंड साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांबरोबर प्रयोग करत होते, तेव्हा आपल्याकडची माणसं त्यांना अगदीच परकी नव्हती.

अलकापुरी_ते_ऑस्टिन :

मास्तरीणबाई, थोडं असहमत. 'काय कराल'पेक्षा 'काय केलंत' बरं. टॉम जान्झने १९८२ मध्ये तेच दाखवायला सुरुवात केली : मागे कसा वागला हे पुढच्याचं सगळ्यात चांगलं चिन्ह. होळीचा प्रश्न सरळ असा विचारा : गेल्या होळीला तुमच्याकडे किती माणसं कमी होती, आणि तयारी केव्हा सुरू केलीत?

फतेगंजची_मास्तरीण :

मोठ्या पदांना तुमचं म्हणणं जास्त लागू पडतं, हे मान्य. पण समजा त्यांचा एक फोरमनच अर्ज करतोय. त्याच्याकडे मॅनेजर म्हणून 'मागे' काही नाहीच. दोन्ही प्रकार ठेवा, भांडण मिटलं.

सुरसागर_काठ :

पण सगळे पाठ करूनच येतात हो. प्रसंग, काम, कृती, निकाल अशी चौकट यूट्यूबवर फुकट शिकवतात. माझा मेव्हणा तर एकच गोष्ट 'अपयश' म्हणून आणि 'यश' म्हणून दोन्हीकडे सांगतो.

फतेगंजची_मास्तरीण :

मेव्हण्याला आत शिरून विचारा. त्या वेळी विरोध कुणी केला? तो काय म्हणाला? त्याचं पहिलं वाक्य आठवतं का? घडलेल्या गोष्टीला असे कोपरे असतात, पाठ केलेल्या गोष्टीत तिसऱ्या प्रश्नाला भिंत लागते.

आणखी एक. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या परिसरातल्या दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना कामावरचे फार चांगले आणि फार वाईट प्रसंग विचारले. चांगल्यात 'माझं यश, माझी जबाबदारी' निघालं, वाईटात कंपनीचं धोरण आणि वरिष्ठ. त्यावरून त्याने दोन घटकांचा सिद्धांत उभारला. टीकाकारांनी विचारलं, अहो, माणूस यश स्वतःच्या खात्यावर आणि अपयश दुसऱ्याच्या खात्यावर टाकतोच, तुम्ही कामाबद्दल शिकलात की माणसाच्या स्वभावाबद्दल? मुलाखत घेणाऱ्याने सिद्धांतापेक्षा ही टीका ध्यानात ठेवावी. यशाची गोष्ट ऐकली की विचारावं, 'यात दुसऱ्या कुणाचं काय काम होतं?' नावं भराभर निघतात की घसा खाकरला जातो, बघा.

कारेलीबागेतून :

दुसऱ्या मॅनेजरबद्दल, म्हणजे टॅग खिशात घालणाऱ्याबद्दल, कुणी बोललंच नाही. माझ्या मते तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एमी एडमंडसनने हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तो पेपर १९९६ चा. ज्या वॉर्डात टीम चांगली तिथे चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. उलटं वाटतं, पण अर्थ असा की तिथे लोक चुका सांगत होते. मग १९९९ मध्ये तिने टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर लिहिलं.

तेव्हा उमेदवाराला विचारा : हाताखालच्या माणसाने तुम्हाला नको असलेली बातमी आणली, असा अगदी अलीकडचा प्रसंग सांगा. ती तुमच्यापर्यंत कशी आली? तुम्ही पहिल्यांदा काय बोललात? 'माझ्या शॉपमध्ये असं होतच नाही' म्हणणाऱ्याला १.

मकरपुरा_पहिली_पाळी :

ताई, हा जसाच्या तसा घेतला. क्यूसीच्या पोराला दाखवला तर म्हणाला, 'याचे गुण मी देऊ का?'

घडियाळी_पोळ :

माघार घेऊन परत आलोय. सगळी अमेरिकन नावं चालली आहेत म्हणून एक आपलं सांगतो. पाटण्याचे जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये नर्चरंट-टास्क लीडर मांडला. त्यांचं निरीक्षण असं की आपल्याकडे हाताखालच्या माणसाला वरिष्ठाकडून माया आणि लक्ष हवं असतं. चांगला वरिष्ठ ते देतो, पण कामाशी बांधून देतो. माणूस तयार होत गेला की हळूहळू सल्लामसलतीकडे सरकतो. परदेशी पुस्तक वाचून 'तुम्ही सगळे निर्णय टीमला विचारून घेता का?' असा प्रश्न केलात तर आपल्याकडचा उत्तम मॅनेजर नापास होईल. नव्या कॉन्ट्रॅक्ट वेल्डरला कुणी मत विचारत बसत नाही, आधी शिकवतात. विचारायचं असेल तर असं विचारा : तुमच्या हाताखाली कच्चा आलेला आणि आज स्वतः निर्णय घेणारा एक माणूस सांगा. कोणत्या टप्प्यावर काय सोपवलंत?

आमच्या काळात हे कागदावर नव्हतं, पण चांगले अधिकारी ओळखायची आमची खूण हीच होती.

फतेगंजची_मास्तरीण :

काका, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. चोरतेय, वर्गात वापरीन.

मकरपुरा_पहिली_पाळी :

अपडेट. शेठसमोर कागद ठेवला. दोन आडकाठ्या आल्या. त्यांच्या धाकट्या भावाचं म्हणणं, एक हस्ताक्षरतज्ज्ञ ओळखीचे आहेत, आणि नाहीतर ती चार अक्षरांत स्वभाव सांगणारी एमबीटीआय टेस्ट तरी घेऊ. शेठचं म्हणणं, प्रश्न ठीक आहेत पण मग मी काय नुसता कारकून? मला माझं काही विचारायचंच नाही?

अलकापुरी_ते_ऑस्टिन :

एमबीटीआय विकणारी मंडळीच सांगतात की निवडीसाठी वापरू नका. भावाला तेवढंच सांगा. हस्ताक्षराचं १९८९ मध्ये नेटर आणि बेन-शाखर यांनी तपासलं होतं : लिहिलेला मजकूर उमेदवाराच्या आयुष्याबद्दल असला की हस्ताक्षरतज्ज्ञ आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही तो माणूस, दोघांचे अंदाज सारखेच. म्हणजे जे काही कळतं ते मजकुरातून.

फौजी_फतेपुरा :

शेठच्या प्रश्नाला उत्तर आहे. डॅनियल कानेमन, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पन्नाशीच्या दशकात इस्रायली सैन्यात तरुण लेफ्टनंट होते. जवानांच्या निवडीची मुलाखत सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकावर घडलेल्या गोष्टींचे प्रश्न, एक संपल्याशिवाय दुसरा नाही, प्रत्येकाला लगेच गुण. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी मुभा दिली : सगळे गुण लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल त्याचा विचार करा आणि एक आकडा द्या. तो शेवटचा आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला ठरला. नजर उपयोगी पडली ती शेवटी वापरल्यामुळे. शेठना सांगा, तुमची खुर्ची तीच आहे, फक्त तुमची वेळ शेवटची.

मकरपुरा_पहिली_पाळी :

सांगितलं. इस्रायली सैन्य म्हटल्यावर शेठ सरळ बसले. त्यांचा शेवटचा रकाना कागदावर छापून घेतलाय. चहा मात्र सुरुवातीलाच देणार, त्यावर तडजोड नाही.

तर प्रश्न पक्के : होळीची तयारी, साखरपुड्याची सुट्टी, ट्रेलर आणि क्रेन, नको असलेली बातमी, काकांचा 'कच्चा माणूस', आणि महिनाअखेरीचा उशीर. ट्रेलरच्या प्रश्नात बदल केलाय, आता नवा मुलगा क्रेनवर तयार आहे पण रिगर कमी आहे, म्हणजे कुणीही सुटत नाही. पॅनलवर मी, आमचे क्यूसी हेड आणि शेठ.

कारेलीबागेतून :

मुलाखत कोणत्या भाषेत घेणार? आमच्याकडे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला सगळे रकाने एकदम वर जातात. थॉर्नडाइकसाहेब पुन्हा.

मकरपुरा_पहिली_पाळी :

गुजराती, हिंदी, मराठी, ज्याला जी सोपी ती. शॉपवर इंग्रजी फक्त ड्रॉइंगवर आहे. गुणांच्या कागदावर 'भाषा' असा रकानाच ठेवला नाही.

सुरसागर_काठ :

आणि प्राणी?

मकरपुरा_पहिली_पाळी :

शेठनी तो चहासोबत विचारायचं ठरवलंय. गुण नाहीत.